निळा ड्रम आणि आपली मनी

प्रिय माय,

तू जाऊन चार वर्षं झाली, मी तुला एक ओळ लिहिली नाही. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचा पेनाशी काय संबंध? पण काल गल्लीत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला लूमवर उभं राहवेना. शेठला पोट दुखतंय सांगून घरी आलो. माझा एका जागी पाय ठरत नाही म्हणून तू बोलायचीस ना? बघ, तासभर झाला, हललो नाही.

काल मनी आली होती. राखीला येते तशी नाही. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी, सोबत तीन मुली आणि त्यांच्या मॅडम. तिच्या पब्लिक हेल्थच्या डिग्रीचं हे दुसरं वर्ष. महिनाभर एखाद्या वस्तीत काम करायचं असतं. बऱ्याच मुलींनी सोयीची गावं मागितली, हिनं आपलीच डिंडोली मागितली.

ही कसली डिग्री, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. मामाकडं राहून शिकायची ना, बारावीनंतर तिथूनच फोन केला तेव्हा मी चिडलोच. "सुई नाही, गोळी नाही, मग दवाखान्यात तू करणार काय?"

म्हणाली, "दादा, माणूस दवाखान्यापर्यंत पोचूच नये, ते शिकतेय."

मला काही उमगलं नाही. म्हणून कारखान्यात सरळ सांगून टाकलं, बहीण डॉक्टर होतेय. काल शेजारच्या लूमवरचा सुकलाल दुखरा गुडघा घेऊन आला, पँट वर करून ओट्यावर बसला. मनी म्हणाली, "भाऊ, गुडघ्यातलं मला कळत नाही. घरातलं पाणी दाखवा." सुकलालनं माझ्याकडं असं बघितलं, काय सांगू तुला.

पण पाणी कोण दाखवणार? पाण्याचे पीप तपासणारे आले ही बातमी गल्लीत आधीच फिरली होती. घरोघर ड्रमवर गोधड्या चढल्या. हे सगळ्यांना शिकवलं कोणी, माय? तूच ना?

साठवलेलं पाणी ओतून देणारा महापालिकेचा माणूस दारात येऊन म्हणायचा, "बेन, पीप बतावो ने." तोवर तू निळ्या ड्रमवर गोधड्या रचलेल्या असायच्या, वर धागे कापायला आणलेल्या साड्यांचा गठ्ठा. आणि मला दारात उभं करायचीस. "सांग रे भटू, आमना घरमा ड्रम नही शे." मी सांगायचो. तोंडावरची रेषही हलायची नाही.

इथं नळाला रोज पाणी येतं गं. पण तू शिंदखेड्याकडची, टँकरची वाट बघत म्हातारी झालेली. जुन्या पाण्यावर नवं ओतायचं, ड्रमचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. तळ दिसला की तुझा जीव घाबरा व्हायचा. म्हणायचीस, "पानी कोनी फेकस का रे?"

मग तुला ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला विचारलं, घरात पाणी साठवता का? तुझ्या हाताला बाटली लावलेली, आणि मी तिथंही नाही म्हणालो. सवयच झाली होती.

तू गेल्यावर मी ड्रम उपसला. आत अळ्या वळवळत होत्या. मी कोणाला बोललो नाही. मनीला तर नाहीच.

काल दुपारपर्यंत सगळी दारं नाही म्हणून मोकळी झाली. मॅडमनी वही मिटत विचारलं, "या गल्लीत पाणी साठवत नाहीत, असं लिहू?" मनी हलेना. ती सुमनमावशीच्या दारासमोर उभी होती. मावशीची नात दोन दिवस तापानं फणफणलेली आत पडली होती.

"नही शे व पोरी," मावशी म्हणाली. "आम्ही पानी भरतच नही."

मला माहीत होतं ड्रम कुठं आहे. सकाळी तो मोरीतून सरकवत कपाटामागं न्यायला मीच हात लावला होता. आता त्या पोरीचं कण्हणं दारापर्यंत येत होतं.

मी म्हणालो, "मावशी, गोधडी काढा."

"तू कोन सांगनारा? तुनी मायनीच शिकाडं आम्हले."

"हो, मायनंच शिकवलं," मी म्हणालो. "आणि दारात उभा राहून खोटं मी बोललो. डॉक्टरसमोरही बोललो. आमच्या ड्रममध्ये अळ्या होत्या, मावशी. माय गेल्यावर मी डोळ्यांनी बघितल्या."

मनीनं माझ्याकडं बघितलं नाही. मावशीला आपल्याच बोलीत म्हणाली, "मावशी, तुनं पानी मी फेकाव नही." पाणी कपड्यातून गाळून बादल्यांत काढायचं, धुण्याला वापरायचं, ड्रम आतून घासायचा, कारण डासाची अंडी कडेला चिकटून बसतात. एवढं सांगून तिनं बाह्या वर केल्या. मावशीनं गोधडी ओढली, तेव्हा मनीनं आधी बॅटरी तिच्याच हातात देऊन आत बघायला लावलं. अळ्या बघून मावशी खालीच बसली.

मग एकेक दार उघडत गेलं. पाणी फेकणार नाही, एवढंच ऐकायचं होतं गं आपल्या बायांना. इतकी वर्षं कोणी म्हणालंच नव्हतं. तुझ्या पोरीला ते कळलं.

मावशीच्या नातीला मॅडमनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. डेंग्यूच निघाला. पण वेळेत. आज सकाळी दवाखान्यात ती दुधावरून नर्सशी भांडली म्हणे.

संध्याकाळी मनी ओट्यावर माझ्या शेजारी बसली. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"मला माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "कॉलेजात डेंग्यूचा डास शिकवला त्याच दिवशी कळलं, माय कशानं गेली ते. सुट्टीत येऊन त्याच ड्रममधल्या पाण्यानं न्हायचे ना मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

माय, ही एवढी मोठी कधी झाली? तुला आधीच ठाऊक होतं, तर मला सांगून का नाही गेलीस?

आता शब्द देतो. दर सुट्टीला निळा ड्रम तळ दिसेपर्यंत उपसीन, घासीन, उन्हात पालथा घालीन. तुझा जीव घाबरा होईल, पण तासभर कळ काढ, थेंब सांडणार नाही. आणि उद्या कारखान्यात सुकलालला सांगीन, माझी बहीण डॉक्टर होत नाहीये. डॉक्टरच्या आधी जी यायला पाहिजे ना, ती होतेय.

तुझा,
भटू