धाकट्याला नमस्कार

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चार पानी पत्र लिहिलंस, पण धाकट्याची एक ओळ नाही. माझी किडनी तुझ्या पोटात बसवली तेव्हा तिला धाकटा तूच म्हणालीस ना? भाऊजी फोनवर म्हणाले, पायांवर सूज आहे, दवाखान्याच्या खेपा चालू आहेत.

खरं सांग, माझ्यातच खोट होती का? ऑपरेशनआधी मी चोरून दारू प्यायचो. डॉक्टरांना बोललो नाही. इथे उंच इमारतींच्या काचा पुसायला दोरावर लटकतो. मुकादम म्हणतो, अर्धं सामान घरी ठेवून आलास, हलका आहेस, तूच चढ. सगळे हसतात. पट्टा टाक्यांच्या जागी घासतो आणि डोक्यात हेच घोळतं.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. लोभाचं नंतर, आधी उत्तर असावं.

तुझा वांड भाऊ

२१ मार्च

चि. वांडास अनेक आशीर्वाद.

दारूचं मला ठाऊक होतं, वास लपतो होय? डॉक्टरांनाही मीच सांगितलं होतं. तुझ्यात खोट नव्हती. माझ्या किडन्या ज्या आजाराने गेल्या, त्यानेच आता धाकट्याला धरलंय. लघवीला पुन्हा फेस येतो. दिवसाआड मशीनवर रक्त काढतात, त्यातलं पिवळं पाणी बदलून परत देतात. काहींना उतार पडतो म्हणे.

चार पानांत जे जमलं नाही ते आता लिहिते. तुझं वाचन पत्रापुरतं, दवाखान्याची छापील भाषा जड, म्हणून सहीचा कागद मी वाचून दाखवला होता. आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतो, ही ओळ मी गाळली. मला जगायचं होतं रे.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही.

ताई

९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

राग आला, म्हणून लिहिलं नाही. त्या कागदाची प्रत पेटीत होती. अक्षर अक्षर लावत महिनाभर वाचली. दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ.

वाचली असतीस तरी दिली असती. पण वाचायला हवी होतीस. किडनी मी दिली, माझं हो म्हणणं मात्र तू परस्पर घेतलंस. एवढं बोललो, आता संपलं.

मशीनचा काही गुण नाही, असं भाऊजी म्हणाले. वीस तारखेला येतोय. तुझ्या खाटेशी बसेन. दवाखान्याचे कागद आता मी वाचणार. वेळ लागेल, पण एकही ओळ सुटणार नाही.

धाकट्याला यावेळी आशीर्वाद नको. एवढं सोसतोय, तो आता माझ्याहून मोठा. त्याला नमस्कार सांग. लोभ आहेच.

वांड