रंगूला आणायची मोटारसायकल

मंगरूळपीर, ३ मे १९५६
इंझोरीला सासऱ्यांकडे, पुंजाजींकडे, निरोप धाडला: पंधराला रंगूला न्यायला येतो. मोटारसायकलवर. लग्नाला वर्ष झाले, बायको अजून एकदाही मागे बसली नाही. मागचे चाक घरघर करते. बेअरिंग झिजले. नवी जोडी अकोल्याहून आणली आहे. मिस्त्री कशाला? एका सकाळचे काम.

४ मे
चाक निघाले. बेअरिंग निघत नाही. ऊन फार. घाईने काम बिघडते, म्हणून झोपलो.

७ मे
शास्त्र आठवले. लोखंड तापले की फुगते. आईची चूल मोकळीच होती.
सायंकाळी: दोन्ही बेअरिंग निघाले. टायरही जरासा वितळला. आईचे म्हणणे, "भाकरीले रबराचा वास येऊन राह्यला." ज्वारी जुनी असेल.

९ मे
नवे बेअरिंग ठोकून बसवले. एक लोखंडी नळी उरली. कंपनी जादा देते वाटते. आईला फुंकणी म्हणून दिली. आखूड आहे म्हणाली, पण ठेवून घेतली.

१० मे
नट आवळला. चाक फिरेना. म्हणजे बसले तर पक्के. नट ढिला केला. फिरते, पण डुलते. शेजारचा फुलसिंग कुडावरून म्हणाला, "काहून बाप्पा, चाक पिऊन आलं काय?" मी लक्ष दिले नाही.
नळी दोन बेअरिंगच्या मधे असते. हे मला माहीत होतेच, फक्त वेळेवर आठवले नाही. आईकडे परत मागितली. "देल्लं ते देल्लं," म्हणाली. नवी पितळी फुंकणी कबूल करावी लागली.

१२ मे
नळी घालायला एक बेअरिंग परत काढले. फुटले. हल्ली मालात दम नाही. त्या जागी जुनेच घातले. जुने निदान अनुभवी आहे.

१४ मे
दर्ग्यापर्यंत ट्रायल. जाताना उत्तम. येताना चाक एकीकडे गेले, मी एकीकडे. गाडी फुलसिंगच्या बैलगाडीत घालून आणली. तो वाटभर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

१५ मे
प्रवाशांच्या सर्व्हिस मोटरने इंझोरीला गेलो. उतरतो तर फाट्यावर अर्धे गाव. रंगूने सगळ्यांना सांगून ठेवलेले, "आमचे हे सोताच्या हातानं मशीन खोलतेत." नवे लुगडे नेसून उभी होती. माझ्या मागे रस्त्याकडे पाहत राहिली.
पुंजाजींनी विचारले, "जवाईबापू, गाडी कुठी हाये?"
गाडीला विश्रांती दिली, असे सांगितले. त्यांनी माझे काळे हात पाहिले आणि आतून हात घासायला राख मागवली.
परतीच्या मोटरीत एकच जागा होती. रंगूला दिली. मी टपावर, वांग्यांच्या टोपल्यांत. मोटर सुटल्यावर तिने खिडकीतून डोके काढून वर पाहिले नि म्हणाली, "पडसान. दोरीले धरून बसा."
धरून बसलो. टपावर वारा फार छान लागतो. मोटारसायकलवर एवढी उंची मिळत नाही.