दादासाठी उतरवलेली पट्टी

१५ फेब्रु., कोपर
दादा आला होता शहाडहून. घशातल्या गाठीला दिलेला रेडिएशनचा शेक संपल्यावर आज पहिल्यांदा आम्ही गायला बसलो. बँजो नेहमीसारखा काळी तीनला लावून ठेवलेला. बाबांनी मला बटणं दाबायला शिकवली नि दादाला गायला, तेव्हापासून आमची पट्टी तीच.
दादाने मुखडा उचलला. वरचा सा आलाच नाही. परत उचलला. खोकला. "सुमे, जरा खाली घे."
काळी एक. तिथेही फाटला. शेवटी पांढरी एकला कसाबसा एक अंतरा.
एवढं उतरवल्यावर तारा ढिल्या पडल्या. बटण दाबलं की नुसत्या फडफडतात.

२२ फेब्रु.
कल्याणला तारा आणायला. दुकानदार म्हणाला, जेवढं खाली जाल तेवढी जाड तार टाका, ताण राहील. टाकली. आता फडफड नाही, पण चमकही नाही.
ढोलकीवाले बाळाभाऊ ऐकून म्हणाले, "बँजोचा जीव गेला गं." म्हटलं, दादाच्या गळ्याला आता हाच बसतो. त्यांनी ढोलकी उतरवायला घेतली.

९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन. डॉ.नी परत दुर्बिणीतून बघितलं. गाठ परत आलीय. स्वरयंत्रच काढावं लागेल. गळ्याला भोक, श्वास तिथून. बोलण्याचं पुढचं पुढे. लवकर करा म्हणालेत.
दादा डॉ.ना म्हणाला, चौदा एप्रिलच्या जयंतीत गायचंय, त्यानंतर बघू.
वहिनी रडत नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.
नंतर कंपनीत लेबलं उलटी लावली. सुपरवायझर ओरडला. बरं वाटलं ओरडला ते.

१५ मार्च
शहाडला गेलेले. दादा म्हणे, पांढरी एकही जड जातेय, अजून उतर. मी खुंट्या सैल करायला घेतल्या तोवर वहिनी ओल्या हातानेच बाहेर आली.
"ताई, तुम्ही खाली खाली आणत राहा. यांना वाटत राहणार, गाता येतंय. नका ना आणू."
दादा: "एकच जयंती गं संगीता."
"गाठ काय कॅलेंडर बघून वाढते का?"
मी बँजो पिशवीत घातला.
घरी येऊन मात्र खालची काळी पाच लावून बघितली. वहिनीला कळवलं नाही. तिचं बरोबर आहे. पण दादाला नाही कसं म्हणू? आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलं काय तर...

२६ मार्च
अजून जाड तारा. आधी गिटारची पितळ गुंडाळलेली घेतली, ती बटणाखाली करकरते. काढली. साधी पोलादीच, आधीपेक्षा जाड. बोटं सुजलीयत.
बाजूच्या तारांतला पंचम काढून टाकला. सगळ्या सा-ला लावल्या. दादाचा पंचम आता जागेवर थांबत नाही. बँजोचा पंचम शेजारी वाजला की दोघांतला फरक उघडा पडतो. नुसता सा वाजत राहिला तर कमी कळतं.
लपवालपवीच आहे ही. दादाला कळलं. मान हलवली.

१४ एप्रिल
विहारासमोर स्टेज. निळे झेंडे, पोरंटोरं, आयाबाया पांढऱ्या साड्यांत. वहिनी मागच्या खुर्चीवर, हातात गरम पाण्याची बाटली.
दोन गाणी झाली. लोकांना वाटलं, मुद्दाम खालच्या आवाजात गातोय. मागून एकजण म्हणालाही, "वा, काय धीरगंभीर!"
तिसऱ्याचा अंतरा. दादाचा हात वर, तोंड उघडं, आणि नुसती हवा. मी त्याची ओळ बँजोवर वाजवली. बाळाभाऊंनी ठेका सोडला नाही. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, भावाने बहिणीला जागा दिली.
दादा माझ्याकडे बघत होता. बाबा गेले तेव्हाही असा चेहरा नव्हता त्याचा.
बाकीची गाणी कोरसने उरकली. वहिनी स्टेजजवळ आली नाही.

१७ एप्रिल
दादा ऑपरेशनला तयार झाला. स्वतःच म्हणाला. सोमवारी ठाण्याला ॲडमिट. वहिनीचा फोन, "थँक्यू ताई." कशाबद्दल, विचारायची हिंमत झाली नाही.

१९ एप्रिल
संध्याकाळी दादाचा फोन. आवाज म्हणजे कुजबुज. कान दाबून ऐकलं.
"अजून एक पट्टी खाली जाईल का गं बँजो?"
नाही म्हणता आलं असतं. तारा फडफडतील, वाजणार नाही, काहीही सांगता आलं असतं.
"जाईल," म्हटलं. "याहून जाड तार मिळते."
"बरं." फोन ठेवला.

२० एप्रिल
ठाणे. वहिनी फाईल घेऊन हॉस्पिटलच्या ॲडमिशनच्या खिडकीशी. दादा म्हणाला, चहा पिऊन येतो. आला नाही. फोन बंद. कँटीन, गेट, समोरचा बसस्टॉप, सगळीकडे मी फिरून आले. नर्स त्याचं नाव पुकारून गेली, परत येऊन पुकारून गेली. दुपारी ती खाट दुसऱ्याला दिली.
वहिनी: "काल तुमच्याशी काय बोलले ते?"
सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही.
तिने फाईल पिशवीत घातली. परतताना लोकलमध्ये ती एका कडेला, मी दुसऱ्या.
शहाडला दादा घरीच. पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. चपला पायातच. वहिनीने त्या काढल्या, पाणी दिलं.
मीच म्हटलं, "शुक्रवारी परत बोलावलंय. दादा, येशील ना?"
"हो."
आजच्यासाठीही असंच "हो" म्हणाला होता.