नूराने अडवलेला गोल

शुक्रवार, सलवा

अकरा वर्षं क्लबकडून आइस हॉकी खेळले, मग गुडघा गेला. आज इथे आखातात मुलींच्या टीमची कोच म्हणून माझी पहिली मॅच. बाहेर नुसतं उभं राहायचं? हात कसे शिवशिवत होते! शेवटी खिशात कोंबले.

दोन मिनिटं उरली, एका गोलने आम्ही पुढे. टाइमआउटमध्ये गोलकीपर नूरा जवळ येऊन इंग्रजीत पुटपुटली, "कोच, भीती वाटतेय."

"मलाही. तू फक्त चकतीकडे बघ."

आणि पोरीने आडवं झेपावून शेवटचा फटका अडवला! जिंकलो! हात कधी खिशातून निघाले, कळलंच नाही. स्वतः गोल केले तेव्हाही मी एवढी ओरडले नव्हते. घसा पार बसलाय. आता आईला फोनवर हे सांगू कशी?