सहाची लाईट

रविवार संध्याकाळ, दौंड, २००७

आज सायबर कॅफेत ऑनलाइन पोकरच्या फायनल टेबलापर्यंत पोचलो! सगळ्यात कमी चिप्स, म्हंजे डावातले पैसे, माझ्याकडंच. अशा वेळी दम धरायचा, बरी पानं आली की सगळं एकदम लावायचं, हे मला पाठ हाय. पण सहाला लोडशेडिंग. म्हणून रद्दी पानांवरच सगळं लावलं आन् हरून खेळातनं बाहेर पडलो. टेबलावरच्या कुणा परदेशी माणसानं चॅटवर लिहिलं, 'घाई का केलीस, मित्रा?'

सहा वाजून गेले, लाईट काय गेली न्हाई. कॅफेवाले मामा म्हणाले, "आज जायचीच नव्हती, सांगायचं राह्यलं बघा."

खोलीवर आलो. खोलीतला जोडीदार कुरकुंभला कंपनीत, सेकंड शिफ्टला. घाई का केलीस... त्या परदेशी माणसाला लोडशेडिंग काय कळणार? तरी उत्तर द्यायला हवं होतं. अख्ख्या आठवड्यात मला कुणी काही विचारलं, ते तेवढंच.