बाबांचं आमेन कोणाच्या वाट्याचं?

उदगीर, गुरुवार

प्रिय नीलाआत्या,

प्रभूमध्ये सलाम. मामांनाही सलाम. नांदेडच्या उन्हात तुझे गुडघे कसे आहेत? माझे लई दुखून राहिले. (तुझे वयानं, माझे प्रार्थनेनं.) तुझ्याकडच्या माझ्या माडीवरच्या खोलीत सध्या कोण राहतं? सहज विचारलं.

बाबांना लकवा झाल्यापासून दर बुधवारी आपल्या घरी प्रार्थना असते. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तरी खाटेवरून सगळ्यांकडे असे बघतात जसे काही सभेचे अध्यक्ष. जो येतो तो मला सांगतो, 'हनोख, संकटात प्रार्थनेनं बळ येतं बाबा.' आलं आत्या, बख्खळ आलं. फक्त ते मी भलतीकडे वापरलं.

त्याचं असं झालं. गिरणीवाले शद्रखकाका तुला ठाऊकच आहेत. त्यांची दामिनी मंडळीत पेटी वाजवते. तिच्यावाचून मी जगू शकत नाही. (हे आईला जेवताना सांगितलं, तर म्हणाली, आधी भाकर संपव.) तिला मागणी घालायला गिरणीत गेलो की काका तिसऱ्या शब्दालाच तोडतात, 'आधी नांदेडला जाऊन कॉलेज पुरं कर!' वरून गिरणीचा घरघराट. माझं डोकं कसं तापतं तुला माहीत. कॉलेज सुटलं तेही त्याच्याच पायी. पण एका बुधवारी प्रार्थनेत माझी पाळी आली, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि माझ्या टाळक्यात एकदम उजेड पडला, की देवाशी बोलणाऱ्याला मधेच तोडायची कोणाची बिशाद नाही! मग काय, सोडलंच नाही. 'हे दयाळू पित्या, तू फारोसारख्याला वठणीवर आणलंस, तिथं एका गिरणीवाल्याचं काय!' लगेच पुढची पाळी काकांची. 'हे प्रभू, बलामाच्या गाढवाला तू बोलतं केलंस, आता आमच्या गाढवाला गप्प कर.' रक्त असं उसळलं! पण डोळे मिटून हाणामारी करता येत नाही. (एक डोळा उघडून बघितलं, तर बाबा माझ्याकडेच बघून राहिले होते.)

तेव्हापासून दर बुधवारी हेच. आधी चार-पाच माणसं यायची, आता अंगणात सतरंज्या पुरत नाहीत. चर्चचे पाळकसाहेब सगळीकडे सांगत सुटले, उदगीरात संजीवन आलंय, लोक पुन्हा देवाकडे वळलेत म्हणून. गुरम्मा आजी दोन्हीकडून 'आमेन' ओरडते, म्हणजे तिचा चहा कुठंच चुकत नाही.

काल मात्र नवल झालं. मी प्रार्थनेत बायबलातल्या यरीहोच्या भिंती पाडून दमलो. काकांनी 'प्रभू, ह्याला जूनमध्ये कॉलेजात पोचव' म्हणून आभाळ डोक्यावर घेतलं. मग कधी नव्हे ती दामिनी बोलली, अगदी हळू. 'प्रभू, ह्या दोघांना अधूनमधून आजारी माणसाचीही आठवण दे.' आणि तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, 'आ... मेन.'

बाबांचा, आत्या! आई तर खालीच बसली. शद्रखकाकांनी मला कवटाळलं आणि पोरासारखे रडले. मीही. (त्यांच्या अंगावरच्या पिठाची माझ्या खांद्यावर कणीक झाली.) नंतर डोळे पुसले तसे काका म्हणाले, 'बघ, माझ्या प्रार्थनेला आमेन म्हटलं.' मी म्हटलं, माझ्या. बोलायला वेळ लागला, म्हणून उशिरा पोचलं. अर्धी मंडळी त्यांच्याकडून, अर्धी माझ्याकडून. दामिनीनं आम्हा दोघांकडे एकदा बघितलं, धाडकन पेटी मिटली आणि घरी निघून गेली. तिला काय झालं कोण जाणे.

तुझा,
हनोख

ता. क. तू बाबांची मोठी बहीण. येत्या बुधवारी येऊन त्यांनाच विचार, आमेन कोणाचं होतं. तुझ्यासमोर ते खोटं सांगणार नाहीत.

ता. क. २. येऊ नको. पत्र पाकिटात घालण्याआधी बाबांच्या उशाशी बसलो होतो. घरात कोणी नव्हतं. तोडणारं नाही, ऐकणारं नाही, मग मोठ्यानं बोलण्यात काय मजा? डोळे मिटून मनातल्या मनात थोडंसं बोललो, कोणाचं नाव न घेता. संपलं तसा बाबांनी डाव्या हातानं माझा हात दाबला आणि म्हणाले, 'आमेन.' हे कशावर होतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. खोली झाडून ठेव, जूनमध्ये येतो. शद्रखकाकांना इतक्यात कळू देऊ नको, खामखा जिंकल्यासारखं करतील.