घर आयोवात, गोठा नेब्रास्कात

लिंकन, नेब्रास्का
२ जून १९५८

एमिलकाकांना व्हेराचा नमस्कार. आधी विशेष, मग बाकीचं.

१. आपल्याकडच्या हद्दीची सरकारी मोजणी माझ्याकडे होती, ती झाली.
२. राज्यांची हद्द मिसुरी नदीच्या जुन्या पात्रातून जाते. आजोबा येण्याआधी एका पुरात नदी पूर्वेला सरकली. हद्द जागीच राहिली.
३. जुनं पात्र म्हणजे तुमचं घर आणि गोठा यांच्यामधली सखल पट्टी, जिथे पाणी तुंबून मका पिवळा पडतो.
४. गोठा नेब्रास्कात आहे. घर आयोवात.
५. माझं लग्न २८ तारखेला तुमच्या दिवाणखान्यात ठरलंय. परवाना नेब्रास्काचा आहे. तो हद्दीपलीकडे चालत नाही.

मी दोनदा मोजलं. आग्नेसकाकूंना सांभाळून सांगा.

आपली,
व्हेरा


शेतावरून, ७ जून

चि. व्हेराला पोटभर आशीर्वाद.

काकूला सांभाळून सांगितलं. ती ओट्याला टेकून हसत सुटली. आयोवाची लेक ना ती. म्हणते, तीस वर्षं सासरी नांदतेय असं समजत होते, मी तर माहेरीच होते, घरजावई तुम्ही. गावातही पसरलं. बियाण्याच्या दुकानात मला पाहुणा म्हणून खुर्ची देतात.

माझ्या बापाने इथे गवताळ मातीची ढेकळं रचून पहिलं घर उभं केलं ते नेब्रास्कात, असंच तो मरेपर्यंत म्हणत होता. पेन्सिल तुझ्या हातात आहे. रेघ थोडी नदीकडे सरकव, कोण बघतंय? तुझे वडील नाहीत, लग्नात तुला हात धरून नवरदेवापर्यंत नेणारा मी. पण आयोवात नेणार नाही, आणि डुकरांच्या गोठ्यात तर नाहीच.

काकूचे आशीर्वाद. ती अजून हसतेय.

तुझा,
एमिलकाका


लिंकन, १० जून

एमिलकाकांना नमस्कार.

रेघ सरकणार नाही. सरकवली असती, तर मला हे शिकायला पाठवल्याचा तुम्हालाच पश्चात्ताप झाला असता.

काकूंशी फोनवर बोलले. लग्न गोठ्यातच होईल. डुकरं शेजारी जातील. हॅरॉल्ड गोठ्याला चुना मारेल. नवरदेवाला तेवढं काम असावं, असं काकूंचं मत. लग्नाच्या कोलाची, त्या फळांचं सारण भरलेल्या गोड पोळ्या, काकू त्या घरात भाजणार, आणि माहेरच्या फराळाला कोणी नावं ठेवायची नाहीत, असं तुम्हाला सांगायला सांगितलंय.

हॅरॉल्डचे वडील माझ्याबरोबर चालायला तयार होते. मी नको म्हटलं. तुम्ही आला नाहीत, तर एकटी चालेन.

लोभ आहे, तो रेघेवर रागावून कमी करू नका. शुक्रवार, २० जूनपर्यंत कळवा.

व्हेरा